लिटल ॲशमचे नऊ दगड

कास्मिरला पडीक जमीन बघवत नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझा नवरा वसईचा वाडीवाला. इथे टोरोंटोजवळ येऊन बारा वर्षं वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवली, मग पाठीचा मणका सरकला आणि तो घरी बसला. घरी बसलेला कास्मिर म्हणजे काय ताप असतो ते मीच जाणे. टीव्हीसमोर बसून नखं कुरतडायचा आणि मी वांगी चिरली की वांग्यात खोड काढायचा. शेवटी दोन हजार पंधराच्या एका रविवारी, चर्चची मिस्सा आटपल्यावर, मी त्याला गाडीत घातला आणि म्हटलं, चला, जाईल तिकडे जाऊ. मिल्टनच्या नव्या घरांच्या रांगा संपल्या, शेतं लागली, आणि तासाभराने आम्ही लिटल ॲशमला पोचलो.

गाव म्हणायचं म्हणून गाव. दहा-बारा घरं, एक बंद पडलेली शाळा आणि एक दगडी चर्च, तेही बंद. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या माणसांनी आपल्या तिकडच्या गावाचं नाव इकडे लावलं, तसलीच चर्चची कमान बांधली, तसलीच झुडपांची कुंपणं लावली. टोरोंटोची माणसं फोटो काढायला येतात आणि म्हणतात, जस्ट लाइक इंग्लंड! मी काही इंग्लंड बघितलेलं नाही. मला ते बघून आमचं गाव आठवलं, दुपारी जेवून सगळे आडवे झालेले असताना दिसतं तसं. फक्त इथे चार वाजले तरी कुणी उठलं नाही.

एका विटांच्या घराच्या ओट्यावर एक गोरी म्हातारी बसली होती. ती डोरीन. तिच्या घरामागे दोन एकर गवत माजलं होतं. कास्मिर गाडीतून उतरला, वाकून चिमूटभर माती उचलली, नाकाला लावली, आणि मी मनात म्हटलं, संपलं. त्या वर्षीपासून आम्ही तिची दोन एकर कसतो. लसूण, वाल, वांगी, मिरची. मिल्टनहून रोज जाऊन येऊन.

डोरीन शहाऐंशीची. ती बोलायची इंग्रजी, मी तिचं मराठीतच सांगते. काटक बाई, तोंडाने तिखट. मला एकदा म्हणाली, "अँजेला, तुझा नवरा मातीशी बोलतो ते मी ऐकलंय. तुझ्याशी बोलतो का?" मी म्हटलं, माती उलट उत्तर देत नाही ना, म्हणून.

दोन हजार सतराच्या ऑगस्टमध्ये डोरीन पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, तिथून पुढे कुठल्याशा फिजिओथेरपीच्या केंद्रात. घराला कुलूप. आणि आमच्या कास्मिरच्या डोक्यात किडा वळवळला.

आमचं शेत आणि चर्चची सिमेतरी, म्हणजे दफनभूमी, यांच्यामध्ये एक पट्टा होता, चारेक गुंठ्यांचा. सिमेतरीचं गवत महिन्यातून एकदा कुणीतरी मशीनने कापायचं, पण त्या पट्ट्याला कुणी हात लावत नसे. कंबरेएवढं पिवळं रान माजलेलं. मधलं तारेचं कुंपण कधीच आडवं झालेलं.

"अहो, ते चर्चचं असेल," मी म्हटलं.

"चर्च बंद आहे. आणि क्रूस दिसतोय का तुला एक तरी? कुंपण पडलंय, म्हणजे या बसा म्हटल्यासारखंच आहे."

आमच्या वसईत बांध कोरायची खोड कुणाची गेलेली नाही. सख्खा भाऊ भावाचा बांध दरवर्षी वीतभर कोरतो, आणि रविवारी दोघं एका बाकावर बसून प्रार्थना म्हणतात. जित्याची खोड ती. सात समुद्र ओलांडून आलो तरी हात तसेच.

दोन दिवसांत त्याने रान उपटलं. खाली दगड निघाले. नऊ. बिनघडीव, शेतात निघतात तसलेच, पण अर्धे मातीत उभे. इथे दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि दगड वर टाकते. आम्ही दर वसंतात ते वेचून बांधाला रचतो, तेच इथलं पहिलं पीक. कास्मिरने पहार लावून नऊही दगड हलवले आणि हातगाडीतून नेऊन बांधावरच्या मॅपलच्या झाडाखाली ढीग केला. पाठ धरून माझ्याजवळ आला तेव्हा खुशीत होता.

"अँजे, इथली माती बघ. लोण्यासारखी. जागोजाग आपसूक मऊ आहे. जरा खोलगट झालीय, भर घातली की झालं."

मी बघितलं. खोलगट जागा माणसाच्या लांबीच्या होत्या. काही त्याहून आखूड, दोन-अडीच हाताच्या. सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या, एका रांगेत.

खरं सांगते, लपवून काय करायचं? मला तेव्हाच कळलं होतं. वसईची बाई मी, सिमेतरीच्या भिंतीला लागून आमचं घर. पण लसणाच्या दोन जादा रांगा म्हणजे काय हेही मला कळत होतं, आणि नवरा कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता. मी म्हटलं, "घाला भर." बस, एवढंच म्हटलं.

सप्टेंबर संपता संपता माझ्या भावाचा फोन आला. मिल्टनच्या घराच्या गराजमध्ये मी लसणाचे कांदे फोडून पाकळ्या वेगळ्या करत बसले होते. लावायची पाकळी मोठी हवी, दुखावलेली नको. नखांच्या कडा सोलून निघालेल्या, त्यात लसणाचा रस चरचरत होता. रिचर्ड माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर वागवलाय.

"बाय, चर्चमधून निरोप आलाय. आयचं थडगं उघडायची पाळी आली."

आमच्याकडे जागा कमी आणि मरणारे फार. पाच-सात वर्षं झाली की थडगं उघडतात आणि नव्या माणसाला जागा करतात. घरचं माणूस उभं राहिलं तर जुन्याची हाडं धुऊन, पांढऱ्या कापडात बांधून, भिंतीतल्या आपल्या कोनाड्यात ठेवायची. बाबा तिथेच आहेत. आणि घरचं कुणी आलंच नाही तर हाडं मागच्या विहिरीत जातात. सगळ्यांची एकत्र. लहानपणी त्या विहिरीकडे बघायचं नाही म्हणून आय आमची मान वळवायची.

"मग जा की तू," मी म्हटलं. "कधी आहे?"

"ऑल सोल्सच्या आधी. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेपर्यंत." मग तो गप्प झाला. रिचर्ड गप्प झाला की पुढे काहीतरी खोटं किंवा वाईट येतं, हे मला तो चालायला लागल्यापासून माहीत आहे. "बाय, वाडीच्या कागदावर तुझी सही येत नाही. बिल्डर थांबायचा नाही. मी एकट्याने सगळं करायचं, आजारपण मी काढलं, पुरलं मी, आता हाडंही मीच उचलायची, आणि तू तिथे बसून नाही म्हणणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे सही कर, मी जातो. नाहीतर तू ये आणि तूच उचल."

मी फोन आपटला. पाकळ्यांची पाटी लवंडली.

आय गेली दोन हजार बाराला. तेव्हा आमचे कागद इमिग्रेशनमध्ये अडकलेले, बाहेर गेले असते तर परत येता आलं नसतं. मी तिला मातीसुद्धा दिली नाही. आता कागद आहेत, तर कास्मिरची पाठ अशी की लसूण लावायच्या तीन आठवड्यांत मी नसले तर वर्षाचं पीक गेलं. आणि ती वाडी! तिच्यात आयने चाळीस वर्षं पाणी घातलं. गोड्या पाण्याची विहीर आहे तिथे, आजूबाजूचं सगळं खारं झालं तरी ती गोडी राहिली. तिच्यावर सिमेंट ओतायला मी सही देऊ?

ग्लेन्डा, आमची मुलगी, दारात उभी राहून ऐकत होती. "मॉम, जस्ट साइन इट. इट्स जस्ट लँड."

"मग आजी जस्ट बोन्स आहे का गं?" मी ओरडले. ती बिचारी आत निघून गेली. तिचा काय दोष, तिने आजीला दोनदा बघितलेलं.

ऑक्टोबरमध्ये लावणी सुरू झाली. कास्मिरने फळीला खुंट्या ठोकून एक दाबणी केली होती. तो उभ्याने पाय देऊन भोकं पाडत पुढे जायचा आणि मी मागे गुडघ्यांवर, एकेका भोकात एकेक पाकळी, बूड खाली, शेंडा वर. दोन एकर झाले. गुडघे फुटले. पँटच्या आतून गोणपाट बांधलं तरी गार ओल वर चढायची. लघवीला जायचं तर शेजारच्या गावच्या कॉफीच्या दुकानात, आणि तिथल्या पोरीने एकदा माझे चिखलाचे बूट बघून वॉशरूम बंद आहे सांगितलं. माझ्यादेखत दुसरी बाई आत गेली. मी गाडीत येऊन बसले आणि कास्मिरला सांगितलं, वॉशरूम बंद होती.

मग त्या पट्ट्याची पाळी आली. पहिल्याच दुपारी, दोन वाजता, चांगल्या उन्हात, मी मान वर केली तर मॅपलखाली दगडांच्या ढिगावर आय बसलेली होती.

भास म्हणा, काय हवं ते म्हणा. मला दिसली म्हणजे दिसली. लाल लुगडं, पदर कमरेला खोचलेला, पाय पुढे सोडलेले. तोंड हलत होतं. माझ्या आयच्या तोंडात मी कळती झाल्यापासून एक दात नव्हता. चाळिशीच्या आतच सगळे पडले. कवळी तिने लावली नाही, म्हणायची, दुसऱ्याचे दात मला कशाला? भाकरी रश्शात बुडवून हिरड्यांनी मऊ करत बसायची, तासन्‌तास. तसंच तोंड हलत होतं. माझ्याकडे बघत नव्हती, खाली मातीकडे बघत होती.

"अहो," मी हाक मारली. "त्या ढिगावर काय आहे?"

"दगड," कास्मिर म्हणाला. "काय असणार?"

मी परत बघितलं तर दगडच. पण दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती, तिसऱ्या दिवशीही. मला भीती नाही वाटली, लाज वाटली. कुणी आपल्याला चोरी करताना बघावं तशी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. माझ्या हाताखालची माती कुठे घट्ट, कुठे एकदम मऊ. मऊ आली की बोट नको इतकं खोल जायचं, आणि मी पाकळी टाकून हात झटकन ओढून घ्यायचे. कास्मिरची ओळ आखायची दोरीही तिथे सरळ राहीना. तो ताणून बांधायचा, सकाळी आलो की सैल. तो म्हणायचा, गारठ्याने. मी म्हणायचे, हो, गारठ्याने.

अठरा तारखेला डोरीन घरी आली. चार चाकांचा वॉकर ढकलत, त्याच दुपारी ती शेताच्या कडेला आली. मी हात पुसत पुढे गेले, म्हटलं, बरं झालं आलात, गाव सुनं वाटत होतं. ती माझ्या पलीकडे बघत होती. नुसते वाफे, काळेभोर, ओळीत.

"दगड कुठे आहेत?" तिने विचारलं.

कास्मिरने टोपी काढली. बोट केलं नाही, मानेनेच ढीग दाखवला.

डोरीन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वॉकरच्या बैठकीवर बसली आणि हळूहळू सांगायला लागली. तिची आजी, एडा. इंग्लंडमधल्या अनाथालयातून अकराव्या वर्षी जहाजात घालून इकडे पाठवलेली, या गावातल्या एका घरी मोलकरीण म्हणून. चौतिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. ज्यांना कुणी नव्हतं, ज्यांच्या नावाचा दगड कोरायची ऐपत नव्हती, त्यांना या पट्ट्यात पुरत. मग घरच्या नाहीतर शेजारच्या माणसाने शेतातून एक दगड आणून डोक्याशी उभा करायचा. नऊ माणसं. त्यातली चार तान्ही. डोरीनची आई दर मे महिन्यात तिला इथे आणायची आणि एकेका दगडाला हात लावून नाव सांगायची.

"या गावात आता हे फक्त मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी मेल्यावर विसरलं जाईल. माझ्या आधीच झालं."

कास्मिर मटकन खाली बसला, त्या चिखलात. पन्नाशी उलटलेला माणूस, मी त्याला बापाच्या मरणातही रडताना बघितला नव्हता. "आय एम सॉरी, मॅडम. आय एम सॉरी," एवढंच म्हणत राहिला. आणि मी? मला कळलं होतं ना ऑगस्टमध्येच. मी उभी होते तशी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दगड परत लावायला घेतले. डोरीन म्हणाली, लसूण उपटू नका. एडा शेतावर राबलेली बाई, तिला लसणाचं काही वाटायचं नाही. दगड तेवढे जागेवर ठेवा.

पण जागा कुठल्या? डोरीनला दगड ओळखू यायचे. हा कुबड असलेला मोझेस नावाच्या गड्याचा, हे चार छोटे बाळांचे, हा तांबूस कुणा धोबिणीचा. जागा ती आईच्या बोटाने शिकलेली, आणि तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू. जागा कास्मिरच्या पायांना माहीत होत्या. तो बूट काढून, मोजे काढून, त्या गारठ्यात अनवाणी वाफ्यांमधून चालला. मऊ लागलं की थांबायचा. "इथे." मी आणि तो मिळून दगड उभा करायचो. त्याचे पाय निळे पडले. दुपारपर्यंत आठ लागले.

नववा एडाचा. करडा, चपटा, मधून पांढरी शीर गेलेला. त्याची जागा सापडेना. कास्मिर तीनदा फिरला. तिथे त्याने सर्वांत जास्त भर घातली असावी, सगळं सारखंच लागत होतं. डोरीन म्हणाली, तो एका एल्म झाडापासून चार पावलांवर होता. एल्म कधीच पडलं होतं, त्याचं बूडही राहिलं नव्हतं. तिचे ओठ गारठ्याने पांढरे झाले होते, तरी घरात जायला तयार नाही.

कास्मिर माझ्याकडे बघत होता. ढिगाच्या जागी आता काही नव्हतं आणि आय कुठे दिसत नव्हती. मी तो दगड उचलला. एकटीने. पोटाशी धरून सात-आठ पावलं चालले, चर्चच्या बाजूला, जिथे ऊन पडलं होतं, आणि तिथे टेकवला.

"इथे," मी म्हटलं.

डोरीन वॉकर ढकलत आली. "तुला खात्री आहे?"

"हो, नक्की. इथेच होता."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. त्या गढुळलेल्या डोळ्यांनी तिला काय दिसलं असेल ते असो. मग वाकता येत नव्हतं तरी वाकली, दगडाच्या माथ्यावर तळवा ठेवला, आणि म्हणाली, "थँक यू, डिअर."

तो तळवा बघितला आणि माझा निश्चय झाला. त्याच संध्याकाळी मिल्टनला वकिलाच्या ऑफिसात जाऊन मी वाडीच्या कागदावर सही केली, शिक्का मारून घेतला, फोटो काढून रिचर्डला पाठवला आणि मूळ कागद कुरियरने. विहीर गेली, वाडी गेली. गाडीत बसल्यावर ग्लेन्डा म्हणाली, "यू ओके, मॉम?" मी म्हटलं, नाही गं. मग तिने एका हाताने गाडी चालवली आणि दुसरा माझ्या मांडीवर ठेवला.

रिचर्डला मी एकच अट घातली होती. थडगं उघडताना फोन लाव, मला बघायचंय.

एकतीस तारखेला सकाळी आम्ही पेंढा पसरायला शेतावर आलो. रात्री पहिलं दहिवर गोठलं होतं, वाफे पांढरेफटक. इकडे ऊन वर येत होतं आणि फोन वाजला तेव्हा तिकडे मावळत होतं. पडद्यावर आमची सिमेतरी, चुना लावलेली भिंत, नारळाची झाडं. रिचर्ड जाडा झालाय. पाठीमागे कुणीतरी झाडत होतं.

"झालं, बाय. मघाशीच उघडलं. रेंज नव्हती म्हणून आधी लागला नाही. धुऊन ठेवलीत. बघ."

त्याने फोन खाली नेला. पांढऱ्या कापडावर लांब हाडं एका बाजूला रचलेली. मध्ये कवटी. मी पडदा अगदी तोंडाजवळ आणला.

खालच्या जबड्यात दात होते. पुढचे सहाच्या सहा, पिवळे, घट्ट, एका ओळीत. माझ्या पाठीमागून कास्मिरही बघत होता.

"अँजे," तो कुजबुजला, "अगं, दात..."

"गप्प बसा तुम्ही. पेंढा काढा गाडीतून."

थडगं कधी उघडलं होतं? पावसाळ्यातच, नवं माणूस आलं तेव्हा? रिचर्डला निरोप मिळाला होता आणि तो गेला नव्हता? की गेला होता, आणि उशीर झाला होता? ही कुणाची कोण म्हातारी त्याने माझ्यासाठी धुऊन काढली होती? हे सगळं माझ्या जिभेवर आलं. उचलली जीभ की लावायची टाळ्याला, माझा स्वभावच तो. आणि कागद कुरियरने कधीच पोचला होता.

"रिचर्ड," मी विचारलं, "ही आयच ना?"

फोन त्याच्या तोंडाकडे वळला. डोळे लाल होते त्याचे. लहानपणी काचेची बरणी फोडून दाराआड उभा राहिला होता, तेव्हाचं तोंड.

"हो, बाय. नक्की. इथेच होती."

हे शब्द मी ओळखले. माझेच होते ते. बारा दिवसांपूर्वी, याच शेतात. आणि डोरीनने माझ्याकडे इतका वेळ का बघितलं होतं तेही मला त्या क्षणी कळलं, मोतीबिंदू नि काही नाही.

"थँक्यू रे," मी म्हटलं. "नीट बांध कापडात. बाबांच्या उजव्या हाताला ठेव. आणि पाय पुसून घरात जा."

तो हुंदके द्यायला लागला. मी त्याला रडू दिलं. मग पडदा काळा झाला.

दोन नोव्हेंबरला, म्हणजे ऑल सोल्सला, आम्ही मेणबत्त्या घेऊन शेतावर गेलो. आमच्याकडे त्या दिवशी एकही थडगं अंधारात ठेवत नाहीत, विसरलेलंसुद्धा नाही. दहाचं पाकीट होतं. दुपार कलली होती, वारा गार. डोरीन कोट चढवून वॉकर ढकलत आली. तिच्या चर्चमध्ये असलं काही करत नाहीत, पण ती मोझेसपासून सुरुवात करून नावं सांगत गेली आणि मी एकेका दगडाशी मेणबत्ती लावत गेले. एडाशी ती जास्त थांबली. ऊन तिथेच पडलेलं.

"तुझ्या आईचं झालं का नीट?" तिने विचारलं. सगळं मी तिला सांगितलं होतं, दात सोडून.

"झालं."

"भाऊ होता ना जवळ?"

"होता."

तिने परत तसंच बघितलं, त्या दिवसासारखं. मी नजर खाली घातली नाही या वेळी. डोळे भरले तर भरू दे म्हटलं, काय व्हायचंय? डोरीनने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, आत बघितलं.

"एक उरलीय."

"असू द्या."

"असू द्या काय?" ती वॉकर वळवून पट्ट्यात शिरली. चाकं पेंढ्यात अडकत होती, कास्मिर धावला धरायला, तिने त्याला झिडकारलं. एडाच्या दगडापासून चार पावलं. थांबली, इकडे तिकडे बघितलं, एक पाऊल आणखी टाकलं, आणि वॉकरचा पाय मातीत रोवला.

"तुझी आई इथे," ती म्हणाली.

मी विचारलं, "नक्की?"

"नक्की," डोरीन म्हणाली. "लाव आता, वारा सुटलाय."

कास्मिर गुडघ्यांवर बसला, हाताने पेंढा बाजूला करून वीतभर जागा मोकळी केली, आणि मी काडी ओढली.